बिनमातीच्या झाडाचं पाणी

कुडाळची मावशी ठाण्याला आली, तेव्हा आमच्या खिडकीच्या ग्रिलला सुतळीनं टांगलेला रुपेरी झुबका तिनं बराच वेळ न्याहाळला. मग म्हणाली, “ह्यां बांडगूळ पैशे देऊन घेतलंस?” मी म्हटलं, बांडगूळ नाही गं, एअर प्लांट. “म्हणजे हवा खाऊन जगता?” या दोन प्रश्नांत टिलँडसियाबद्दलचे निम्मे गैरसमज आले. उरलेले निम्मे या झाडासोबत मिळणाऱ्या इंग्रजी कार्डावर छापलेले असतात.

आधी मावशीचा पहिला प्रश्न. बांडगूळ आंब्याच्या फांदीत आपली मुळं घुसवतं आणि तिचा रस ओढून घेतं. टिलँडसिया फांदीवर नुसतं बसतं, तिच्याकडून आधाराखेरीज काही घेत नाही. टिलँडसिया रिकर्व्हाटा नावाची जात मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत विजेच्या तारांवर गोळे करून वाढते, आणि तारेत रस नसतो. आपल्याकडे तुलना शोधायची तर ती सीतेची वेणी आणि सह्याद्रीतल्या इतर आमरींशी होईल. त्याही फणसाच्या, आंब्याच्या खोडावर भाडेकरूसारख्या राहतात आणि कोकणात त्यांनाही सरसकट बांडगूळ म्हणून मोकळं होणारे कमी नाहीत.

नावाचा आणखी एक घोळ आहे. इंग्रजी वनस्पतिग्रंथांत ‘एअर प्लांट’ या नावाखाली बऱ्याचदा आपली पानफुटी सापडते, कारण तिचं तोडलेलं पान भिंतीला टांगून ठेवलं तरी त्याच्या कडेला रोपं फुटतात. पानफुटीचा टिलँडसियाशी काही संबंध नाही. तरीही या लेखात ती पुन्हा येणार आहे.

टिलँडसियाचं खरं नातं अननसाशी. अननस कुलातल्या जवळजवळ सगळ्या वनस्पती मूळच्या अमेरिका खंडांतल्या आहेत. पश्चिम आफ्रिकेतली एक एकुलती जात एवढाच अपवाद. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात अननस इकडे आणला, त्याचं तिकडचं नावही तसंच राहिलं, आणि आज गोव्यात सासव आणि आपल्याकडे शिरा त्याच्यावाचून अडतो. त्याचा हा चुलतभाऊ मात्र आपल्या घरांत अलीकडेच आला. टिलँडसिया या एका प्रजातीतच साडेसहाशेहून अधिक जाती आहेत. अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यापासून चिली-अर्जेंटिनापर्यंत त्या पसरल्या आहेत. काही दमट जंगलात राहतात, काही अँडीजच्या उघड्या कड्यांवर, आणि पेरू व उत्तर चिलीच्या किनारी वाळवंटात काही जाती मुळांवाचून वाळूवर नुसत्या पडून राहतात. तिथे पाऊस जवळजवळ नाहीच. समुद्रावरून येणारं धुकं एवढंच त्यांचं पाणी.

नाव दिलं लिनियसनं, एलियास टिलँड्झ या सतराव्या शतकातल्या स्वीडिश वैद्याच्या आठवणीत. हा माणूस फिनलंडमधल्या तुर्कू इथे वनस्पतिशास्त्र शिकवत असे. सांगतात, की एकदा समुद्रप्रवासात त्याचे इतके हाल झाले की परतताना बोट टाळून तो आखाताला वळसा घालून शेकडो कोस जमिनीवरून गेला, आणि ‘जमिनीवरून’ अशा अर्थाचं आडनावच त्यानं लावून घेतलं. लिनियसला वाटलं, या झाडालाही पाण्याचं वावडं आहे. विनोद चांगला होता, वनस्पतिशास्त्र चुकलं होतं. पण ती चूक अडीचशे वर्षं टिकली. ‘याला पाणी लागत नाही’ असं सांगून हे झाड आजही विकलं जातं.

पाणी लागतं. फक्त ते मुळांनी घेतलं जात नाही. टिलँडसियाची मुळं तारेसारखी टणक असतात, त्यांचं काम धरून ठेवण्याचं. ती कात्रीनं छाटून टाकली तरी झाडाचं बिघडत नाही. पाणी आणि त्यात विरघळलेली खनिजं घेतात ती पानांवरचे खवले. भिंगातून पाहिलं तर पानभर बारीक छत्र्या लावल्यासारखं दिसतं. प्रत्येक छत्रीचा पसारा मेलेल्या, पोकळ पेशींचा, आणि दांडा जिवंत पेशींचा, जो पानाच्या आत उतरतो. पाण्याचा थेंब पडला की पोकळ पेशी फुगतात, पाणी दांड्याच्या वाटेनं आत ओढलं जातं. वाळल्यावर छत्री आक्रसून भोकावर झाकणासारखी बसते आणि आतलं पाणी बाहेर जाऊ देत नाही. म्हणजे पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारी झडप. कोरड्या खवल्यांत हवा असते म्हणून पान रुपेरी दिसतं. भिजल्यावर तेच खवले पारदर्शक होतात आणि खालचा हिरवा रंग वर येतो. घरच्या माणसाला एवढी एक खूण पुरते. पान हिरवं दिसतंय तोवर ते ओलं आहे, पुन्हा रुपेरी झालं की वाळलं. गुळगुळीत हिरव्या पानांच्या जातींत मात्र ही खूण पुसट असते.

आता पानफुटी. बेंजामिन हेन हा जर्मन वंशाचा वनस्पतिशास्त्रज्ञ ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत मद्रास इलाख्यात होता. पानफुटीचं पान चघळताना त्याच्या लक्षात आलं, की सकाळी ते चुक्याच्या भाजीसारखं आंबट लागतं, दुपारपर्यंत बेचव होतं आणि संध्याकाळी किंचित कडवट. त्यानं लंडनला कळवलेलं हे निरीक्षण १८१५ साली लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात छापलं गेलं. कारण उलगडायला पुढे शंभराहून अधिक वर्षं गेली. अशा वनस्पती दिवसा पर्णरंध्रं मिटून घेतात, म्हणजे उन्हात पाणी उडत नाही. रात्री ती उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतात. सकाळचा आंबटपणा तो हाच. दिवसा उजेडात त्या साठ्यातून साखर तयार होते. निवडुंग हेच करतो, अननस हेच करतो आणि बाजारात मिळणाऱ्या बहुतेक टिलँडसियाही.

कार्डावर ‘सकाळी पाणी द्या’ एवढंच लिहिलेलं असतं, का ते नसतं. का, ते वरच्या आंबट पानात आहे. ओल्या खवल्यांवर पाण्याचा पापुद्रा असतो आणि त्यातून वायू आतबाहेर करू शकत नाही. रात्री झोपताना प्रेमानं फवारा मारणारा माणूस झाडाच्या श्वासाच्या वेळेला त्याच्या तोंडावर ओला टॉवेल ठेवतो.

खरा वाद आहे तो पाणी किती आणि कसं यावर, आणि पाळणाऱ्यांत तीन पंथ दिसतात. पहिला फवारणीवाल्यांचा: आठवड्यातून दोन-तीनदा स्प्रेनं भिजवा. दुसरा भिजवणाऱ्यांचा: आठवड्यातून एकदा बादलीत २० ते ३० मिनिटं पूर्ण बुडवा. तिसरा आळशी वाटणारा पण जुना पंथ: झाड गॅलरीबाहेर टांगा आणि पावसावर सोडा. पंख्याखालच्या कोरड्या खोलीत फवाऱ्याचे थेंब आत शिरण्याआधीच उडून जातात. झाड ओलं दिसतं आणि आतून तहानलेलं राहतं. महिनोन् महिने फवारा मारूनही पानांची टोकं वाळत गेलेली झाडं मी पाहिली आहेत. बुडवण्यानं झाड खरोखर भरतं. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर आधी आणि नंतर ठेवून पाहा, फरक दिसतो. पण बुडवण्यात धोका आहे. पानांच्या बेचक्यात साठलेलं पाणी तिथेच राहिलं तर गाभा कुजतो. म्हणून पाण्यातून काढल्यावर झाड उलटं धरून चांगलं झटकायचं, फडक्यावर आडवं किंवा उलटं ठेवायचं, आणि चार तासांत ते पूर्ण कोरडं झालं पाहिजे. पाणी किती दिलं यापेक्षा ही चार तासांची अट माझ्या मते जास्त महत्त्वाची, आणि तिन्ही पंथांतले अनुभवी लोक तिच्याबाबत एकमेकांशी भांडत नाहीत.

इथेच आपली अडचण सुरू होते. टिलँडसियाच्या संगोपनावरचं बहुतेक लेखन थंड देशांतल्या घरांसाठी आहे. तिथे हिवाळ्यात खिडक्या बंद, घरात हीटर, हवा कोरडीठाक. म्हणून ती पुस्तकं सांगतात, हिवाळ्यात पाणी वाढवा, उन्हाळ्यात झाड बाहेर ठेवून निर्धास्त राहा. हे जसंच्या तसं मुंबईत केलं तर जुलैत झाड हातात येतं. माझं पहिलं झाड असंच गेलं. कार्डावर लिहिल्याप्रमाणे मी आठवड्याला दोनदा फवारा मारत होतो, बाहेर आठ-आठ दिवस ऊन नाही, भिंतींना बुरशी, वाळत घातलेले कपडे तिसऱ्या दिवशीही दमट. एका सकाळी मधलं पान हलकेच ओढलं आणि गाभा काळा, मऊ, आंबूस वासाचा बाहेर आला. ज्याच्याकडून घेतलं होतं तो म्हणाला, पाणी कमी पडलं असेल.

त्याचा दोष नाही, कारण तहान आणि कुज सुरुवातीला सारख्याच दिसतात. कुजलेल्या बुडाचं झाडही वरून सुरकुततं, त्याची पानंही आत वळतात. माणूस ते पाहून आणखी पाणी घालतो. फरक बुडाशी कळतो. तहानलेलं झाड बुडाला टणक असतं, पानं नळीसारखी वळलेली आणि टोकं करपलेली. कुजलेलं झाड बुडाला काळपट आणि दाबलं तर मऊ लागतं. तहानलेलं झाड तासभर पाण्यात ठेवलं तर बहुधा सावरतं. कुजलेल्याचं काही होत नाही, फार तर एखादं पिल्लू वाचतं.

गंमत अशी, की परदेशी पुस्तकांपेक्षा या झाडांचं मूळ घर आपल्याला जवळचं आहे. ग्वाटेमाला आणि दक्षिण मेक्सिको साधारण गोव्याच्याच अक्षांशावर येतात. तिथेही मे ते ऑक्टोबर पाऊस आणि नोव्हेंबर ते एप्रिल कोरडा हंगाम. झेरोग्राफिका ही सगळ्यांत देखणी रुपेरी जात तिथल्या काटेरी, निमकोरड्या रानात उंच फांद्यांवर वाढते आणि अर्धं वर्ष जवळपास पावसाविना काढते. मग आपला पावसाळा तिला का सोसत नाही? कारण फांदीवर पाऊस पडून गेला की वारा असतो, ऊन असतं. आमच्या बंद काचेच्या खिडकीआड दोन्ही नसतात. ओल तीच, पण वाळणं नाही. म्हणून मी आता कार्ड बाजूला ठेवून कपड्यांच्या दोरीकडे पाहतो. घरात सुती टॉवेल दिवसभरात खडखडीत वाळत नसेल, तर टिलँडसियाला भिजवू नये.

या हिशेबानं किनारपट्टीवर जून ते सप्टेंबर भिजवणं जवळपास बंद. दोन-तीन आठवड्यांनी एखादी डुबकी, तीही उघडीप असलेल्या सकाळी, आणि नंतर पंख्याखाली. ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा आठवड्याची आंघोळ सुरू. पुण्या-नाशकाकडे हिवाळ्यात हवा कोरडी आणि रात्री गार असतात, तिथे आठवड्यातून एकदा बुडवणं आणि मध्ये एक फवारा पुरतो, मात्र ऊन वर आल्यावर. विदर्भ-मराठवाड्याचा उन्हाळा हे वेगळं प्रकरण आहे. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरला पारा ४५ अंशांपर्यंत जातो, आणि या झाडांना ३०-३२ अंशांपुढे अस्वस्थ व्हायला होतं. तिथे आठवड्यातून दोनदा बुडवावं लागतं, दुपारच्या झळांपासून आत घ्यावं लागतं. कूलरची दमट, खेळती हवा त्यांना मानवते, पण कूलरच्या तोंडाशी टांगू नये, कारण टाकीतल्या पाण्याचे क्षार पानांवर बसतात. एसीच्या खोलीत ऋतू कोणताही असो, हवा कोरडी. तिथे चार-पाच दिवसांनी भिजवणं चालतं, कारण वाळायलाही वेळ लागत नाही.

क्षारांचा विषय निघालाच आहे तर पाणी कोणतं हेही सांगायला हवं. खवल्यांवर कॅल्शियमचा पांढरा थर बसला की झडप बंद पडते. मुंबई-ठाण्याला तानसा, वैतरणा, भातशाचं पाणी येतं, ते मृदू आहे, नळाचं चालतं. क्लोरीनचा वास येत असेल तर रात्रभर उघडं ठेवावं. बोअरच्या पाण्याचं मात्र खात्रीनं सांगता येत नाही. परीक्षा जुनीच: ज्या पाण्यात तूरडाळ लवकर शिजत नाही आणि ज्यानं हीटरच्या रॉडवर पांढरी खपली धरते, ते या झाडालाही नको. आरओचं गाळलेलं पाणी चालेल, पण त्याच्या दुसऱ्या नळीतून जाणारं टाकाऊ पाणी क्षारांनी अधिकच गच्च असतं. ते फरशीला ठीक. एसीचं ठिबकणारं पाणी शुद्ध समजून कित्येक जण झाडांना घालतात. ते पाणी अनेक यंत्रांत तांब्याच्या नळ्यांवरून येतं, आणि तांबं म्हणजे या कुळासाठी विष. सगळ्यांत उत्तम पावसाचं पाणी. मात्र मृगाच्या पहिल्या सरी छपरावरची वर्षभराची धूळ घेऊन येतात, त्या जाऊ द्याव्या. नंतरचं पाणी झाकणाच्या बाटलीत भरून ठेवावं. उघड्या बादलीत ठेवलं तर डेंग्यूचे डास त्यात आधी पोचतात.

तांब्याबद्दल थोडं अधिक, कारण आपल्या घरात ते अनेक वाटांनी येतं. शोभेसाठी झाड तांब्याच्या तारेनं बांधतात, ती तार ओली झाली की तांबं उतरतं आणि जिथे तार टेकते तिथून झाड काळं पडत जातं. देवघरातला तांब्याचा तांब्या पाण्यासाठी हाताशी असतो, त्यात रात्रभर ठेवलेलं पाणी माणसानं खुशाल प्यावं, झाडाला घालू नये. बागाईतदाराच्या घरात मोरचूद असतं, तेही तांब्याचंच. नाशिकचे द्राक्षवाले आणि कोकणातले सुपारीवाले बुरशीवर मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारतात. कुजायला लागलेल्या टिलँडसियावर तेच फवारण्याचा मोह होतो. बुरशी मरेल, झाडही मरेल. नव्या जस्ताच्या पत्र्याचंही तेच. बांधायला नायलॉनची दोरी, सुतळी, ॲल्युमिनियमची तार, काहीही घ्या. लाकडावर चिकटवायचं असेल तर पाण्यात न विरघळणारा गोंद मुळांच्या बाजूला लावायचा, बुडाला नाही. सुतळी पावसाळ्यात कुजते, हे आमच्या ग्रिलवरून एकदा झाड खाली पडल्यावर कळलं. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी ते परत आणून दिलं, “तुमचं ते वाळकं गवत” म्हणून.

काचेच्या गोळ्याबद्दल माझं मत कडक आहे. टिलँडसिया म्हटलं की डोळ्यांसमोर येणारं चित्र त्याचंच आहे, आणि झाडासाठी ती सगळ्यांत वाईट जागा आहे. भोक लहान, तळाशी ओली शेवाळ किंवा वाळू, आत हवा खेळत नाही. थंड, कोरड्या देशात ते कदाचित निभत असेल. कोकणच्या जुलैत तो कुजवण्याचा डबा आहे. समुद्री साळूच्या कवचात उलटं बसवून जेलीफिश करतात, तेही दिसायला सुंदर. कवच आधी गोड्या पाण्यात दोन-तीन दिवस बुडवून मीठ काढून टाकलं आणि पाणी देताना झाड त्यातून बाहेर काढलं तर चालतं.

उजेडाचं थोडक्यात आटोपतं. पूर्वेची खिडकी, किंवा दक्षिणेची पण पडद्याआडची. सकाळचं कोवळं ऊन हवं, दुपारचं नको. जितकं पान रुपेरी तितकं ऊन जास्त सोसतं, जितकं हिरवं आणि मऊ तितकं कमी. बाथरूममध्ये ठेवा असं सांगतात, ते तिथे खिडकी असेल तरच. आपल्याकडच्या बहुतेक बाथरूमना एक झरोका असतो.

खताची घाई नको. महिन्यातून एकदा, वाढीच्या दिवसांत, विद्राव्य खताची चिमूट, लिटरला पाव ग्रॅमच्या आसपास, भिजवण्याच्या पाण्यात. परदेशात युरिया नसलेली खास खतं विकतात, कारण युरियाचं विघटन मातीतले जिवाणू करतात आणि इथे माती नाही, असा त्यामागचा तर्क. आपल्याकडे सहज मिळणाऱ्या १९:१९:१९ मधला बराच नत्र युरियाचाच असतो. तर्क पटण्यासारखा आहे, पण पूर्ण नाही. ब्राझीलमधल्या संशोधनात याच कुलातल्या एका जातीची पानं युरिया थेट घेताना आढळली आहेत. माझ्यापुरतं उत्तर असं, की सौम्य मात्रेत बिघडत नाही, आणि तांबं-जस्त मिसळलेली सूक्ष्मद्रव्यांची खतं मात्र टाळावी. जीवामृत, गोमूत्र, शेणाचं पाणी तुळशीला ठेवा. त्यातला गाळ खवल्यांत अडकतो.

कोणती जात घ्यावी? सुरुवातीला आयोनान्था. मुठीत मावणारी, स्वस्त, चुका सोसणारी, आणि फुलायच्या वेळी आतली पानं लालभडक होतात, त्यातून जांभळी नळकांड्यासारखी फुलं येतात. कोरड्या भागात झेरोग्राफिका. ती सावकाश वाढते, पाणी कमी मागते आणि मोठी झाली की टेबलभर पसरते. बल्बोसा आणि कॅपुट-मेड्युसी या जातींचं बूड कांद्यासारखं फुगीर आणि पोकळ असतं, जंगलात त्यात मुंग्या राहतात. आपल्याकडे त्यात पाणी राहतं, म्हणून त्यांना बुडवण्यापेक्षा वरून भिजवून उलटं टांगलेलं बरं. टेक्टोरम ही पांढऱ्या लोकरीच्या गोळ्यासारखी जात इक्वेडोर-पेरूच्या डोंगरांवरची, तिला गार रात्री आणि कोरडी हवा लागते. मुंबईत तिच्या नादी लागू नये. गुलाबी वल्ह्यासारख्या तुऱ्याची जी ‘सायनिया’ कुंडीत मिळते, ती टिलँडसिया म्हणून विकली जाते, पण शास्त्रज्ञांनी आता तिला वॉलिसिया या वेगळ्या प्रजातीत नेलं आहे. तिला कुंडी आणि भुसभुशीत मिश्रण लागतं, तिला टांगून मारू नका.

आणि स्पॅनिश मॉस, जी ना स्पॅनिश ना मॉस. करड्या जटांसारखी लोंबणारी ही टिलँडसिया उस्निऑइडिस, प्रौढपणी हिला मुळंच नसतात. अमेरिकेतल्या लुइझियानात एकेकाळी हिचा मोठा धंदा होता. जटा कुजवून, पिंजून आतला काळा धागा काढायचा आणि तो गाद्या, सोफे, मोटारींच्या बैठकांत भरायचा. मेक्सिकोत नाताळच्या गव्हाणीच्या देखाव्यात ती अजून वापरतात. आपल्याकडे ती जुडग्यानं विकत मिळते आणि लोक ती जुडग्यानंच टांगतात. मग बाहेरून हिरवी दिसते आणि आत कुजते. उकलून, पातळ पसरून टांगली तर किनारपट्टीवर ती सगळ्यांत निर्धास्त.

फुलाबद्दल तक्रार ऐकू येते: फुललं आणि मेलं. केळ लावणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. केळ एकदाच व्यायते, मग बुडाशी मुनवे येतात आणि आईचं आयुष्य संपतं. टिलँडसियाचा प्रत्येक झुबकाही एकदाच फुलतो. फुलण्याच्या आगेमागे बुडाशी एक ते चार-पाच पिल्लं फुटतात, आई आणखी बरेच महिने जगून त्यांना पोसते. पिल्लू आईच्या निम्म्याएवढं होईपर्यंत तोडू नये. न तोडताच ठेवलं तर काही वर्षांत गोल गड्डा होतो, तो मला जास्त आवडतो. बियांपासून फुलापर्यंत पोचायला पाच-दहा वर्षं लागतात, तो नाद घरच्या माणसाचा नाही. कीड क्वचित. पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड आली तर कापसाच्या बोळ्यानं पुसून काढावी, तेलकट फवारा मारू नये, खवले बुजतात.

घरची हवा शुद्ध करतं म्हणून हे झाड घेणाऱ्यांसाठी एक थंड पाण्याची बादली. या समजाचं मूळ १९८९ सालच्या नासाच्या प्रयोगांत आहे. ते लहान बंद पेट्यांत केले होते. २०१९ साली अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा जुन्या प्रयोगांची आकडेमोड पुन्हा मांडली, तेव्हा साध्या वायुविजनाशी बरोबरी करायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील असं निघालं. टिलँडसियाचं हवेशी नातं निराळंच आहे. ती हवेतलं जे येईल ते धरून ठेवते, म्हणून साओ पावलोसारख्या शहरांत जड धातूंचं प्रदूषण मोजायला तिच्या जटा टांगून ठेवतात आणि काही आठवड्यांनी तपासतात. म्हणजे ती हवा झाडणारी केरसुणी नाही, हवेची नोंदवही आहे. रस्त्याकडेच्या खिडकीतल्या झाडाला दिवाळीनंतर एक लांब आंघोळ घालून पाहा, पाण्याचा रंग कळेल.

शेवटी खरेदी. ग्वाटेमाला हा या झाडांचा मोठा निर्यातदार. पूर्वी रानातून ओरबाडून पाठवलेल्या झेरोग्राफिकाचे हाल झाले, म्हणून १९९२ पासून ती वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. भारतही त्या करारात १९७६ पासून सहभागी आहे, तेव्हा परदेशातून येणाऱ्या झेरोग्राफिकाला कागदपत्रं लागतात. पर्यटनाहून येताना पिशवीत टाकून आणायची वस्तू ती नाही. इथल्या रोपवाटिकेतून घेताना आधी हातात तोलून पाहावं, आकाराच्या मानानं जड लागलं पाहिजे. मग बूड दाबावं. मग वास घ्यावा. लाल, निळ्या, जांभळ्या रंगाची झाडं सेलमध्ये दिसली तर नखानं खरवडावं, रंग निघाला तर तो रंगच आहे, आणि त्याखाली खवले बुजलेले आहेत. असं एक लाल झाड मला भेट आलं होतं. जुनी पानं तशीच लाल राहिली, गाभ्यातून नवी पानं हिरवी येत गेली, आणि दीड वर्षानं ते अर्धं लाल, अर्धं हिरवं झाड फुललं. मावशी पुढच्या खेपेला आली तेव्हा त्याचं एक पिल्लू रुमालात बांधून घेऊन गेली. तिनं ते विहिरीजवळच्या रहाटाच्या खांबाला बांधलंय. पाणी कधी घालतेस म्हणून फोनवर विचारलं, तर म्हणाली, “घालूक कशाक होया? सुकता काय ता बघतंय फक्त.”